टू-टी ऑइल : आधी डब्यावरची अक्षरे, मग किंमत

खरिपाच्या फवारणीचे दिवस सुरू झाले की लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत कांदा-मक्याच्या गाड्यांबरोबर आणखी एक गर्दी दिसू लागते. ती असते मिस्त्रीच्या दुकानासमोर. कुणाच्या पाठीवर बंद पडलेला फवारणी पंप, कुणाच्या मोटारसायकलला बांधलेले गवत कापण्याचे यंत्र. कपाशीवर औषध मारायचे असते, पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली असते आणि नेमके त्याच वेळी इंजिन जाम होते. दोरी ओढली तर हलत नाही. मिस्त्री प्लग काढतो, सिलिंडर उघडतो, पिस्टन उजेडात धरतो आणि पहिला प्रश्न विचारतो : "पाटील, ऑइल कोणते टाकत होता? आणि किती?"

पाटलांचे उत्तर ठरलेले असते. "चाचा, दुकानदाराने दिले ते." दुकानदार म्हणतो, "मी साधे दिले, कारण यांनी स्वस्त मागितले." मग पुढचा प्रश्न येतो, जो आजकाल प्रत्येक गिऱ्हाईक विचारतो. सिंथेटिक घ्यावे की साधे? डबल किंमत मोजून काही उपयोग होतो की केवळ डब्याची चमक?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या मिस्त्री आणि दुकानदार बांधवांना नीट देता आले पाहिजे. कारण इंजिन जाम झाले की नुकसान शेतकऱ्याचे होते, पण बदनामी त्या दोघांची होते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरच्या या छोट्या पेठेत गिऱ्हाईक पंधरा-वीस खेड्यांतून येते आणि एकाचा अनुभव आठवड्याच्या आत सगळ्या खेड्यांत पोहोचतो.

चेतकपासून पंपापर्यंत

आपल्या भागात टू-स्ट्रोक इंजिन नवे नाही. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि आसपासच्या तालुक्यांत स्कूटर व रिक्षा दुरुस्त करणाऱ्यांची एक पिढी त्यानंतर तयार झाली. त्या काळच्या चेतकचा हिशोब सगळ्यांना पाठ होता : एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल. पेट्रोल पंपावरचा माणूसच ते माप टाकून देत असे. गिऱ्हाइकाला विचार करावा लागत नव्हता.

पुढे धुराचे नियम कडक होत गेले आणि मोटारसायकली व स्कूटर फोर-स्ट्रोक झाल्या. जुना चेतक बंद झाला आणि २०२० साली त्याच नावाने विजेवर चालणारी स्कूटर आली. रस्त्यावरून टू-स्ट्रोक जवळजवळ गेला. पण शेतातून तो गेला नाही. पाठीवरचा पेट्रोल पंप, गवत कापण्याचे यंत्र, झाड कापण्याची साखळी करवत, खड्डे घेण्याचे यंत्र, यांत अजूनही मोठ्या प्रमाणावर टू-स्ट्रोक इंजिनच असते. कारण ते हलके असते, आडवे-तिरपे धरले तरी चालते आणि त्यात भाग कमी असतात.

फरक इतकाच झाला की ऑइलचे माप टाकण्याचे काम पेट्रोल पंपाकडून शेतकऱ्याकडे आले. आणि त्याला ते कुणी शिकवले नाही. आज जे पंप जाम होऊन येतात त्यांतल्या बऱ्याच पंपांच्या बिघाडाचे मूळ इथे आहे.

ऑइल जळते, म्हणूनच ते निवडावे लागते

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली चेंबरमध्ये राहते आणि तेच तेच फिरत राहते. टू-स्ट्रोकला असे चेंबर नसते. पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचे मिश्रण आधी क्रँकच्या पोकळीत येते. तिथे क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि सिलिंडरची भिंत त्या ऑइलने ओली होते. मग तेच मिश्रण वर जाऊन पेट्रोलबरोबर जळते आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते.

म्हणजे टू-टी ऑइलला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. जळण्याआधी त्याने वंगण द्यायचे आणि नंतर राख, काजळी मागे न ठेवता जळून जायचे. चांगले वंगण देणारे प्रत्येक ऑइल स्वच्छ जळतेच असे नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याकडचे दोन प्रकार किती घातक आहेत ते समजते. पहिला, मोटारसायकलचे इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये मिसळणे. त्या ऑइलमध्ये घातलेली धातुयुक्त रसायने चेंबरमध्ये राहण्यासाठी असतात, जळण्यासाठी नव्हे. ती जळली की प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर राखेचा थर बसतो. दुसरा प्रकार त्याहून वाईट. सर्व्हिसिंगमध्ये काढलेले काळे ऑइल गाळून पंपात वापरणे. त्यात झिजलेल्या धातूचा बारीक चुरा असतो. तो सिलिंडरमध्ये सोडणे म्हणजे पॉलिश पेपरने बोअर घासण्यासारखे आहे. "फुकट मिळते म्हणून टाकले" असे सांगणारा गिऱ्हाईक शेवटी बोअर, पिस्टन आणि रिंगचा खर्च देऊन जातो.

डब्यावरची अक्षरे

सिंथेटिक की साधे हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा : हे ऑइल कोणत्या इंजिनासाठी बनवले आहे? त्याचे उत्तर डब्याच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते.

हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी जपानी मानक संस्था 'जासो' हिच्या श्रेणी जगभर मानल्या जातात. एफबी, एफसी आणि एफडी. वंगण किती, पिस्टन किती स्वच्छ राहतो, धूर किती निघतो आणि सायलेन्सर किती चोंदतो, या चार कसोट्यांवर त्या ठरतात. एफबीपेक्षा एफसीचा धूर कमी. एफडीमध्ये पिस्टन स्वच्छ ठेवण्याची कसोटी एफसीपेक्षा अधिक कडक. याच जातीच्या आंतरराष्ट्रीय श्रेणी ईजीबी, ईजीसी आणि ईजीडी या नावांनी छापलेल्या असतात. जुन्या डब्यांवर 'एपीआय टीसी' असेही दिसते.

फवारणी पंप आणि गवत यंत्रासाठी निदान एफसी आणि शक्य असेल तर एफडी श्रेणीचे ऑइल मागावे. ज्या डब्यावर केवळ 'टू-टी' आणि एखादे आकर्षक चित्र आहे, पण श्रेणीच नाही, तो डबा कितीही स्वस्त असला तरी दुकानात ठेवू नये.

रंगावर जाऊ नका. निळे, हिरवे, लाल हा फक्त घातलेला रंग आहे. ऑइल मिसळलेले पेट्रोल साध्या पेट्रोलपासून ओळखू यावे एवढाच त्याचा उपयोग. 'लाल ऑइल जाड असते' किंवा 'निळे ऑइल असली असते' या बाजारगप्पा आहेत.

बोटीचे ऑइल वेगळे का?

कधी कधी स्वस्तात मिळालेल्या मालात 'टीसी-डब्ल्यू३' असे छापलेले डबे येतात. डबा देखणा असतो, नाव मोठ्या कंपनीचे असते. हे ऑइल खोटे नसते, पण ते दुसऱ्या इंजिनाचे असते. ते आऊटबोर्ड मशीनसाठी, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवतात त्या इंजिनासाठी बनवलेले असते. ही श्रेणी अमेरिकेतील बोट उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली आहे आणि त्यातला 'डब्ल्यू' पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे.

लासूरच्या दुकानदाराला बोटीशी काय करायचे, असे कुणी म्हणेल. पण हा फरक समजला की ऑइलचे सारे शास्त्र समजते.

आऊटबोर्ड मशीन नदीचे किंवा समुद्राचे पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवते. त्यामुळे ते पंपाच्या इंजिनाच्या मानाने थंड चालते. मात्र ते तासन् तास भरधाव चालते. अशा इंजिनात धातूची राख उरली तर तिचे कण पिस्टनच्या डोक्यावर निखाऱ्यासारखे लाल होतात, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि पिस्टनला भोकसुद्धा पडू शकते. म्हणून टीसी-डब्ल्यू३ ऑइल पूर्णपणे राखरहित असते. शिवाय पाण्याचा अंश आला तरी ते घट्ट होऊ नये, आतले भाग गंजू नयेत, अशी त्याची परीक्षा घेतात.

पंपाचे इंजिन उलट आहे. त्याला थंड करते ती फक्त पंख्याची हवा. उन्हात, धुळीत, पात्यांमध्ये काडीकचरा अडकलेला असताना ते फार तापते. तेवढ्या उष्णतेत रिंगच्या खाचा मोकळ्या ठेवायला थोडी धातुयुक्त स्वच्छक रसायने लागतात. ती जासो श्रेणीच्या कमी राखेच्या ऑइलमध्ये असतात, बोटीच्या ऑइलमध्ये नसतात. म्हणून बोटीचे ऑइल पंपात वापरले तर रिंग चिकटण्याचा धोका, आणि पंपाचे ऑइल बोटीत वापरले तर राखेचा धोका. दोन्ही डबे महाग असू शकतात, दोन्ही सिंथेटिक असू शकतात, तरी अदलाबदल चालत नाही.

आपला जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी पाण्यापासून दूर नाही. गंगापूर, वैजापूर आणि पैठण तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. नाथसागराचे पाणी कायगावपर्यंत मागे सरकते. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग सोडावा लागला तेव्हा पैठण शहरात पाणी शिरले होते. सप्टेंबर २०२५ मध्येही मराठवाड्याने महापूर पाहिला. अशा वेळी बचाव पथकाच्या रबरी बोटीला आऊटबोर्ड मशीनच लावलेले असते. ते वर्षभर झाकून ठेवलेले असते आणि एका रात्री पहिल्या दोन-चार ओढींत सुरू व्हावे लागते. टाकीत सहा महिन्यांचे पेट्रोल आणि हाताला येईल ते ऑइल असेल तर ते सुरू होणार नाही, आणि पुरात अडकलेल्या माणसाला दुसरी बोट येईपर्यंत वेळ नसतो. असे मशीन दुरुस्तीला आपल्या हातात आले तर श्रेणीच्या बाबतीत तडजोड करू नये. अशी आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी जाणून घ्यावी : बोटीचे मशीन पाण्याविना क्षणभरही चालवून पाहू नये. पाणी ओढणारा त्याचा रबरी पंखा लगेच जळतो. चाचणी पाण्याच्या टाकीतच घ्यावी.

कोकण किनाऱ्यावर आणि केरळात मात्र आऊटबोर्ड मशीन हे रोजचे पोटाचे साधन आहे. रत्नागिरीच्या बाजूचे आपले मच्छीमार बांधव हा विषय आपल्यापेक्षा चांगला जाणतात. खाऱ्या पाण्यात ऑइल निवडताना झालेली चूक किनाऱ्यापासून दूर, भर लाटांत उघडी पडते.

सिंथेटिक म्हणजे नेमके काय?

साधे ऑइल जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलाचे शुद्धीकरण करून बनते. सिंथेटिक ऑइल रासायनिक प्रक्रियेने घडवलेले असते, त्यामुळे त्याचे रेणू जास्त एकसारखे असतात. ते जास्त उष्णता सहन करते, कमी काजळी ठेवते आणि कमी धूर देते. अर्धे सिंथेटिक म्हणजे दोन्हींचे मिश्रण. आजच्या कमी धुराच्या बऱ्याच ऑइलमध्ये पॉलिब्युटीन नावाचा कृत्रिम घटक असतोच, डब्यावर 'सिंथेटिक' लिहिलेले असो वा नसो.

पण 'सिंथेटिक' हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरला जात नाही. अमेरिकेत १९९९ साली दोन मोठ्या ऑइल कंपन्यांत यावरून वाद झाला. कच्च्या तेलावर खूप खोल प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइललाही 'सिंथेटिक' म्हणता येईल, असा निर्णय तिथल्या जाहिरात तपासणी मंडळाने दिला. तेव्हापासून या शब्दाखाली वेगवेगळ्या प्रतीचा माल विकला जातो. म्हणून पुढच्या बाजूचा मोठा शब्द वाचून थांबू नये, मागच्या बाजूची श्रेणी वाचावी. एफडी श्रेणीचे साधे किंवा अर्धे सिंथेटिक ऑइल हे श्रेणीच नसलेल्या 'फुल सिंथेटिक'पेक्षा केव्हाही विश्वासाचे.

हिशोब मांडून पाहू

आता किंमत. समजा, साधे एफसी ऑइल ३०० रुपये लिटर आहे आणि सिंथेटिक एफडी ९०० रुपये लिटर आहे. आकडा ऐकून गिऱ्हाईक दचकतो. पण एका लहान शेतकऱ्याचा पंप हंगामात २० लिटर पेट्रोल जाळतो असे धरा. पन्नासास एक या प्रमाणाने त्याला ४०० मिलिलिटर ऑइल लागेल. साध्याचे झाले १२० रुपये, सिंथेटिकचे ३६० रुपये. पूर्ण हंगामाचा फरक २४० रुपये. त्याच हंगामात तो पेट्रोलवर २,००० रुपयांच्या वर खर्च करतो आणि औषधांवर त्याहून कितीतरी जास्त.

२४० रुपये वाचवावेत की घालवावेत? याचे उत्तर वापरावर आहे.

ज्याचा पंप वर्षातून आठ-दहा दिवस चालतो, त्याला चांगल्या कंपनीचे एफसी श्रेणीचे साधे ऑइल पुरेसे आहे. त्याचे इंजिन बहुधा झिजून बंद पडणार नाही, पडून राहून बंद पडेल. त्याने पैसे सिंथेटिकवर घालण्यापेक्षा पेट्रोल ताजे ठेवण्याकडे लक्ष द्यावे.

जो भाड्याने फवारणी करतो, रोज पाच-सहा तास गवत यंत्र चालवतो, बांध-रस्त्याच्या सफाईचे ठेके घेतो, त्याने एफडी श्रेणीचे सिंथेटिक किंवा अर्धे सिंथेटिक घ्यावे. त्याचे इंजिन सतत तापलेले असते. सायलेन्सर आणि एक्झॉस्टचे तोंड काजळीने चोंदले की ताकद कमी होते आणि ते साफ करायला त्याचा अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस म्हणजे त्याची मजुरी. शिवाय तो धूर दिवसभर त्याच्याच नाकातोंडात जातो. कमी धुराचे ऑइल ही त्याच्यासाठी चैन नाही.

बोटीचे मशीन चालवणाऱ्यानेही हाच हिशोब करावा, मात्र टीसी-डब्ल्यू३ श्रेणीच्या आत राहून. रोज चालणारे मशीन असेल तर सिंथेटिक, क्वचित चालणारे असेल तर साधे. पण श्रेणी तीच.

मापात पाप नको

ऑइल उत्तम आणि माप चुकीचे असेल तर सारे व्यर्थ. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. चाळीसास एक म्हणजे २५ मिलिलिटर. पंचवीसास एक म्हणजे ४० मिलिलिटर. पाच लिटरच्या कॅनला अनुक्रमे १००, १२५ आणि २०० मिलिलिटर. हे आकडे जाड अक्षरांत लिहून दुकानाच्या भिंतीवर लावावेत.

कोणत्या यंत्राला कोणते प्रमाण, हे यंत्राच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर दिलेले असते. काही कंपन्या स्वतःच्या ऑइलला पन्नासास एक सांगतात आणि इतर ऑइलला पंचवीसास एक. तेच पाळावे. 'सिंथेटिक आहे, निम्मे टाकले तरी चालते' असे कुणी म्हटले तर ऐकू नये. प्रमाण इंजिन ठरवते, ऑइलची किंमत ठरवत नाही.

'थोडे जास्त पडले तर बरेच' हाही गैरसमज आहे. ऑइल वाढले की प्लग ओला होतो, काजळी वाढते. शिवाय तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी जाते, हवा तेवढीच राहते आणि इंजिन उलट जास्त तापते.

बाटलीच्या झाकणाने मोजू नये. प्रत्येक डब्याचे झाकण निराळे असते. मेडिकलमधून २० मिलिलिटरची सिरिंज आणून सुईविना वापरली तर माप बरोबर येते. २० आणि ४० मिलिलिटरच्या पुड्याही बाजारात मिळतात. लहान शेतकऱ्यासाठी पुडी उत्तम. कॅनमध्ये आधी अर्धे पेट्रोल, मग ऑइल, मग कॅन बंद करून चांगले हलवायचे आणि शेवटी उरलेले पेट्रोल. थेट पंपाच्या टाकीत ऑइल ओतू नये. ते तळाशी बसते, सुरुवातीला इंजिन धूर ओकते आणि शेवटी कोरडे पडते.

नव्या पेट्रोलचा नवा धडा

आज आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिना-दोन महिने तशीच राहिली, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. इंजिनाला जाणारी नळी मात्र तळापासून ओढते. म्हणजे दोरी ओढताच इंजिनात जाते ते ऑइल नसलेले पाणी-इथेनॉल. ते सुरू झाले नाही तर नशीब, सुरू झाले तर पिस्टन घासला जातो. अशा वेळी ९०० रुपयांचे सिंथेटिकही वाचवू शकत नाही.

त्यामुळे चार नियम पाळावेत. लागेल तेवढेच मिश्रण करावे. केलेले मिश्रण महिन्याच्या आत संपवावे. कॅनचे झाकण घट्ट ठेवावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच पंप ठेवून द्यावा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्येही पेट्रोल राहत नाही.

दुकानदार आणि मिस्त्री यांच्यासाठी

दुकानदार बंधूंनी फवारणीच्या दिवसांत दोनच प्रकारचा माल ठेवला तरी धंदा नीट होतो : एफसीचे साधे आणि एफडीचे सिंथेटिक. गिऱ्हाइकाला आधी विचारावे, "यंत्र कोणते? वर्षात किती दिवस चालते?" आणि मगच डबा काढावा. बोटीचे ऑइल चुकून आले असेल तर ते पंपासाठी देऊन माल खपवू नये. पावतीवर ऑइलची श्रेणी लिहावी. उद्या वाद झाला तर ती पावती दुकानदाराचीच ढाल होते.

सुटे ऑइल विकू नये. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ च्या आदेशात दिल्लीत सुट्या टू-टी ऑइलची विक्री ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत बंद करण्यास सांगितले होते, ते वाहनांच्या धुरामुळे. तो आदेश दिल्लीपुरता होता, पण त्यामागचे कारण इथेही लागू पडते. ड्रममधल्या ऑइलची श्रेणी कुणी सांगू शकत नाही. पॅक डब्यावर उत्पादकाचे नाव, निव्वळ माप, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असलीच पाहिजे, हे वजनमापाच्या कायद्याचे बंधन आहे. ते नसेल तर माल परत करावा.

भंगारच्या धंद्यातील बंधूंनाही एक विनंती आहे. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे पुन्हा भरून विकणारे लोक अखंड डबे शोधत असतात. डबा तसाच पुढे देऊ नका. झाकण वेगळे करा, तळाला भोक पाडा. चार पैसे कमी मिळतील, पण आपल्या हातून बनावट मालाला वाट मिळणार नाही.

मिस्त्री बांधवांनी पिस्टन गिऱ्हाइकाच्या हातात देऊन दाखवावा. चारही बाजूंनी उभे ओरखडे आणि ऑइलचा मागमूस नसेल तर पेट्रोलमध्ये ऑइलच पडलेले नाही. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ झाले आहे किंवा थंड करणारी पाती चोंदली आहेत. अशा वेळी कार्ब्युरेटर, क्रँकचे सील आणि पंख्याचा मार्ग तपासल्याशिवाय नवा पिस्टन टाकू नये, नाहीतर तोही आठ दिवसांत जाईल. रिंग काजळीने चिकटली असेल तर मात्र ऑइलची श्रेणी आणि प्रमाण या दोन्हींची चौकशी करावी. कारण दाखवून दिले की गिऱ्हाईक मजुरीबद्दल कुरकुर करत नाही आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने टू-टी ऑइल ही २० रुपयांची पुडी आहे. पण त्या पुडीवर त्याचा काही हजारांचा पंप उभा आहे, पंपावर फवारणी उभी आहे आणि फवारणीवर वर्षाची कपाशी. तो दुकानात येऊन "चाचा, चांगले कोणते?" असे विचारतो तेव्हा आपल्या तोंडाकडे पाहून पैसे ठेवतो. त्याला महागातला डबा द्यायचा की स्वस्तातला, हे नंतर ठरेल. आधी डबा फिरवून मागची अक्षरे त्याला वाचून दाखवावीत.